भट्टी बंद केली तरी विस्तव राहतो: अणुविजेबद्दल तुमचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न अणुविजेचेच घेतलेत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा पास केला, खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये हाच विषय सारखा येतोय. मी ३१ वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, जिथे जैतापूरचा अणुप्रकल्प ठरलाय, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता पुस्तकातला नाही हे आधीच सांगून टाकते. पत्रं थोडी कापलीत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

डोंबिवलीहून: ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जोरदार भांडण झालंय. एक काका म्हणतात अणुभट्टी फुटली की हिरोशिमासारखं होतं, दुसरे म्हणतात असं काही होऊच शकत नाही, जरा काही बिघडलं की सगळं ऑटोमॅटिक बंद पडतं. खरं कोणाचं?

दोन्ही काकांचं अर्धं अर्धं. बॉम्बसाठी युरेनियम-२३५ चं, म्हणजे युरेनियमच्या सहज फुटणाऱ्या प्रकाराचं, प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास लागतं. भट्टीच्या इंधनात ते ३ ते ५ टक्के असतं, आणि आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांमध्ये तर नैसर्गिक युरेनियमच वापरतात, त्यात ते जेमतेम ०.७ टक्के. त्यामुळे हिरोशिमासारखा स्फोट होत नाही, ती भीती सोडून द्या.

पण "बंद पडतं" हा जो शब्द आहे ना, खरी गोम तिथेच आहे. माझी आजी रात्री चूल विझवताना निखारे राखेखाली झाकून ठेवायची आणि सकाळी तोच विस्तव फुंकून चहा ठेवायची. लाकडं ओढून घेतली म्हणून चूल गार होत नाही. भट्टीचं तसंच. अणू फुटायची साखळी दोन-चार सेकंदांत थांबवता येते, पण फुटून तयार झालेले जे किरणोत्सारी तुकडे असतात ते आपोआप तापत राहतात, त्यांना बंद करायचं बटणच नाहीये. १००० मेगावॉट वीज देणारी भट्टी म्हणजे आत साधारण ३००० मेगावॉट उष्णता. बंद केल्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के उरते, म्हणजे २०० मेगावॉटच्या आसपास, तासाभराने साधारण दीड टक्का, दुसऱ्या दिवशी अर्धा टक्का. अर्धा टक्का म्हणजे तरी १५ मेगावॉट. ही उष्णता काढायला पाणी फिरतं राहिलं पाहिजे, पाण्याला पंप पाहिजे आणि पंपाला वीज पाहिजे. म्हणजे वीज बनवणाऱ्या कारखान्याला बंद पडल्यावर बाहेरून वीज लागते, आणि ती नाही मिळाली की पुढे जे होतं ते जपानमध्ये झालं.

११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या नियमाप्रमाणे बरोबर बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले, तेही ठीक. मग पाऊणएक तासाने त्सुनामी आली, १४-१५ मीटरची, आणि केंद्राचं डिझाइन ५.७ मीटरचं पाणी धरून केलेलं. जनरेटर बरेचसे तळघरात. पाणी शिरलं, वीज संपली, तिन्ही भट्ट्यांचं इंधन वितळलं, इंधनाच्या नळ्यांचा धातू आणि वाफ यांच्यातून हायड्रोजन तयार झाला आणि त्याच्या स्फोटाने इमारतींची छपरं उडाली.

हे जपानचं झालं, आता आपलं सांगते, कारण ते फार कमी लोकांना माहीत असतं. ३१ मार्च १९९३, पहाटेची वेळ, उत्तर प्रदेशात गंगेकाठचं नरोरा. टर्बाइनची दोन पाती तुटली, त्या धक्क्याने जनरेटरमधला हायड्रोजन गळला आणि आग लागली. आग केबलवरून पसरत गेली, आणि मेन लाइनच्या आणि इमर्जन्सीच्या केबल एकमेकींपासून पुरेशा लांब ठेवलेल्या नव्हत्या त्यामुळे दोन्ही जळल्या. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, लोकांना बाहेर पडावं लागलं, आणि साधारण १७ तास तिथे वीज नव्हती. भट्टी बंद झालेली, पण विस्तव आत होता. तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी बॅटरी घेऊन अंधारात भट्टीच्या इमारतीवर चढून अणू फुटायची साखळी परत सुरू होऊ नये म्हणून हाताने बोरॉनचं द्रावण आत सोडलं, आणि आग विझवायच्या डिझेल पंपाने पाणी देऊन उष्णता काढली. किरणोत्सार बाहेर गेला नाही. माझ्या वर्गात मी ही गोष्ट दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी सांगताना माझ्या अंगावर काटा यायचा. त्या माणसांचे उपकार आहेत आपल्यावर. पण दुसऱ्या काकांना एवढंच सांगा, की त्या रात्री ऑटोमॅटिक काही उरलं नव्हतं, माणसं जिना चढून गेली म्हणून वाचलो.

पुण्याहून: मॅडम, तुमचं मागचं लिखाण वाचलंय, तुम्ही अणुविजेच्या विरोधात दिसता. पण कोळसा किती वाईट आहे हे तुम्ही का सांगत नाही? हवामान बदल थांबवायचा तर दुसरा पर्याय काय आहे?

सांगते ना, कोळसा फार वाईट आहे. चंद्रपूर, कोराडी इथल्या लोकांना विचारा, कपडे वाळत घातले तर राख बसते. कार्बनचा हिशोब मांडला तर खाणीपासून शेवटपर्यंत धरून कोळशाच्या एका युनिटमागे साधारण ८२० ग्रॅम आणि अणुविजेच्या एका युनिटमागे साधारण १२ ग्रॅम असा अंदाज हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या गटाने २०१४ मध्ये दिलाय. हे मी लपवणार नाही. कोळशाच्या धुराने रोज माणसं मरतात आणि त्याची बातमी होत नाही, हेही खरं.

माझी अडचण दुसरी आहे. जैतापूरला ज्या जातीच्या सहा भट्ट्या बसवायचं ठरलं, प्रत्येकी १६५० मेगावॉट म्हणजे एकूण ९९०० मेगावॉट, तशीच भट्टी फ्रान्सने स्वतःच्या घरात फ्लामांव्हिलला डिसेंबर २००७ मध्ये बांधायला घेतली. २०१२ पर्यंत होणार होती, खर्च ३.३ अब्ज युरो धरलेला. ग्रिडला वीज आली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च गेला १३ अब्जांच्या वर. फिनलंडची याच जातीची ओल्किलुओतोची भट्टी २००५ ला सुरू केलेली, २०२३ ला कुठे नियमित वीज द्यायला लागली. ज्यांनी ही भट्टी डिझाइन केली त्यांना स्वतःच्या देशात सतरा वर्षं लागली, तर हवामान बदलाची घाई आहे म्हणून आपण ही वाट धरतोय हे मला पटत नाही, घाई असेल तर जी वीज दोन वर्षांत उभी राहते तिथे पैसा आधी गेला पाहिजे.

आणि स्वच्छ म्हणताना खाणीला विसरू नका. झारखंडमध्ये जादुगुडाला १९६७ पासून युरेनियम काढतायत. तिथल्या एक टन दगडातून एक किलोसुद्धा युरेनियम निघत नाही, बाकीचा सगळा दगड भुकटी करून चिखल म्हणून तळ्यात साठवतात, आणि त्या चिखलात रेडियम राहतं ज्याचं अर्धं आयुष्य १६०० वर्षं, म्हणजे त्यातलं निम्मं संपायलाच तेवढा काळ लागतो. त्या तळ्यांशेजारी संथाळ आणि 'हो' या आदिवासी जमातींची गावं आहेत. पुण्यात दिवा लागतो तेव्हा त्याची राख तिकडे पडते, आपल्या नजरेला पडत नाही इतकंच.

नाशिकहून: लहान भट्ट्या येणार आहेत म्हणे, त्या सेफ असतात का?

लहान भट्टीत विस्तव कमी, त्यामुळे पंपाशिवाय, नुसत्या गुरुत्वाकर्षणावर गार ठेवणं सोपं जातं, हे तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण जगात प्रत्यक्ष चालू असलेल्या अगदी बोटावर मोजण्याइतक्या, रशियाच्या जहाजावरच्या दोन २०२० पासून चालतायत. कचरा त्यांचाही होतोच. जाहिरात बघून मत बनवू नका, चार-पाच वर्षं चालू द्या मग बोलू.

पत्ता छापू नका म्हटलंय: ताई, आम्ही एका अणुवीज केंद्रापासून आठ किलोमीटरवर राहतो. आमच्या आळीत तीन वर्षांत तिघांना कॅन्सर झाला, त्यात माझ्या सासूबाई. लोक केंद्राकडे बोट दाखवतात. सरकारी माणसं म्हणतात काही संबंध नाही. मला दोन लहान मुलं आहेत. मी काय समजू?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सासूबाईंचं ऐकून वाईट वाटलं.

आधी जे नक्की माहीत आहे ते सांगते. तीन पेशंटवरून केंद्राचा दोष ठरवता येत नाही, कॅन्सर आता इतका सर्रास झालाय की कुठल्याही आळीत तीन सापडतील, आणि तंबाखू, धूर, केमिकल अशी कारणं खूप असतात. केंद्राच्या बाहेर राहणाऱ्या माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (हे किरणोत्साराच्या डोसचं माप) जास्त डोस मिळता कामा नये असा नियम आहे, आणि जमीन, आकाश, खाणंपिणं यातून निसर्गाकडूनच जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. केंद्र नीट चालत असेल तर त्याचा वाटा या मानाने फार छोटा असतो.

पण विषय इथेच संपला असं मी म्हणणार नाही. जर्मनीत २००७ मध्ये एक मोठा अभ्यास आला, तिथल्या सगळ्या अणुकेंद्रांच्या आसपासच्या पाच वर्षांखालच्या मुलांचा. केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांमध्ये २४ वर्षांत ब्लड कॅन्सरच्या ३७ केसेस मिळाल्या, अपेक्षा होती १७ ची. मोजलेला किरणोत्सार इतका कमी होता की त्यामुळे हे झालं असं सिद्ध करता आलं नाही, दुसरं कारणही सापडलं नाही. प्रश्न तसाच उघडा राहिला. हे वाचून घाबरू नका, तुम्ही आठ किलोमीटरवर आहात आणि आकडे लहान आहेत. मी हे अशासाठी सांगतेय की तिथे निदान कोणीतरी प्रत्येक मुलाच्या घराचं अंतर मोजून, रजिस्टर बघून अभ्यास केला. "काही संबंध नाही" हे वाक्य मोजल्यानंतर बोलायचं असतं. तुमच्या ग्रामसभेत ठराव करा की केंद्राच्या आसपासच्या गावांचं कॅन्सर रजिस्टर, केंद्राशी संबंध नसलेल्या डॉक्टरांकडून केलेलं, आम्हाला मराठीत वाचायला मिळालं पाहिजे. हे मागणं काही क्रांती नाही, साधा हक्क आहे.

आता मुलांसाठी त्याहून महत्त्वाचं. रोजच्या किरणोत्सारापेक्षा मला काळजी वाटते ती एका वाईट दिवसाची, आणि त्या दिवशी तुम्हाला कोण, कधी, काय सांगणार याची. आपल्याकडे केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीचा आराखडा करतात, तुम्ही त्यात येता. फुकुशिमात २० किलोमीटरपर्यंतची गावं रिकामी केली, एकूण दीड लाखाच्या वर माणसं घराबाहेर पडली, पण वारा काही वर्तुळ बघून वाहत नाही. नामिए नावाच्या गावातले लोक केंद्रापासून लांब जायचं म्हणून डोंगराकडच्या त्सुशिमा भागात जाऊन राहिले, आणि किरणोत्साराचा लोट नेमका तिकडेच गेला. तो कुठे जाणार याचा कॉम्प्युटरचा अंदाज सरकारकडे होता, गावाला कुणी कळवला नाही. इताते हे गाव तर बरंचसं तीस किलोमीटरच्या बाहेर, तिथे वाऱ्याबरोबर पाऊस-बर्फ पडून माती दूषित झाली आणि गाव सोडायचा आदेश महिना उलटून गेल्यावर आला. तोपर्यंत मुलं त्याच अंगणात खेळत होती.

चेर्नोबिलचंही तेच. २६ एप्रिल १९८६ ला भट्टी फुटली, शेजारच्या प्रिप्यात शहरातले जवळजवळ ५० हजार लोक पूर्ण दीड दिवस रोजच्यासारखे वावरत होते. आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसलं, गवत गाईने खाल्लं, दूध मुलांनी प्यायलं, आणि पुढच्या वीस वर्षांत त्या भागात लहानपणी दूध प्यायलेल्यांमध्ये थायरॉइड कॅन्सरच्या सहा हजारांच्या वर केसेस नोंदल्या गेल्या. सगळ्या त्या दुधाच्याच असं नाही, पण मोठा वाटा त्याचाच. या आयोडीनचं अर्धं आयुष्य फक्त ८ दिवस. म्हणजे दोन-तीन महिने कोणी "दूध पाजू नका" एवढं खरं सांगितलं असतं आणि बाहेरून दूध पुरवलं असतं तर यातल्या कित्येक मुलांच्या गळ्यावर आज ऑपरेशनची खूण नसती. मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त राग येतो तो या गोष्टीचा.

तेव्हा तहसील ऑफिसला जाऊन विचारा, लेखी विचारा: भोंगा कोण वाजवणार, जमायची जागा कुठली, एसटी कुठल्या रस्त्याने नेणार, पावसाळ्यात तो रस्ता चालू असतो का, आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवल्यात. गोळी फक्त थायरॉइडला वाचवते, बाकी शरीराला नाही, आणि वेळेवर घेतली तरच, त्यामुळे सांगितल्याशिवाय स्वतःच्या मनाने मुलांना देऊ नका. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला कसं नेणार तेही विचारा. फुकुशिमा प्रांतात घाईघाईत हलवताना, बसमध्ये, निवाऱ्यात, औषधं चुकून, हाय खाऊन असे २३०० च्या वर लोक गेले, बहुतेक म्हातारे. त्या प्रांतात त्सुनामीच्या पाण्याने थेट मेले त्यापेक्षा हा आकडा मोठा आहे.

कारवारहून: कैगाचं अणुवीज केंद्र आमच्यापासून जवळ आहे. आमच्या घरात मराठी-कोकणी दोन्ही चालतं, तुमचं सदर आई वाचून दाखवते. प्रश्न असा की वापरलेलं इंधन जातं कुठे?

आईंना नमस्कार सांगा. वापरलेलं इंधन आधी केंद्रातच पाण्याच्या खोल तलावात काही वर्षं ठेवतात, गार व्हायला. मग आपल्याकडे त्यावर प्रक्रिया करून प्लुटोनियम आणि उरलेलं युरेनियम वेगळं काढतात. ही कामं तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम इथे चालतात. मागे जो जहाल कचरा उरतो तो काचेत वितळवून स्टीलच्या डब्यात बंद करतात. काचेची पद्धत चांगली आहे, आपले लोक त्यात हुशार आहेत, हे कबूल. पण ते डबे शेवटी कुठे ठेवायचे याची कायमची जागा भारतात अजून नाही.

या कचऱ्यातल्या सिझियम आणि स्ट्रॉन्शियम यांचं अर्धं आयुष्य साधारण ३० वर्षं, म्हणजे तीनशे वर्षांत ते बऱ्यापैकी संपतात. शिवरायांच्या राज्याभिषेकापासून आत्तापर्यंत जेवढा काळ गेला साधारण तेवढं सांभाळायचं, हे एक वेळ कल्पनेत बसतं. प्लुटोनियम-२३९ चं अर्धं आयुष्य २४,१०० वर्षं. कार्ल्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची, त्याच्या बारापट. लेण्यांमध्ये दात्यांची नावं कोरलेली आहेत, ब्राह्मी लिपीत, आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच भाषेच्या आजीच्या भाषेत, आणि तिथे सहलीला गेलेल्या शंभर जणांत एकालाही ती वाचता येत नाहीत. मग कचऱ्याच्या दारावर "आत जाऊ नका" हे कुठल्या लिपीत लिहायचं?

जर्मनीने आसे नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ मध्ये कमी आणि मध्यम तीव्रतेच्या कचऱ्याची सव्वा लाख पिंपं ठेवली, कोरडी जागा म्हणून. आता त्यात पाणी झिरपतंय आणि ती सगळी पिंपं परत वर काढायचं ठरलंय. दहा हजार वर्षांचा भरवसा पन्नास वर्षंही टिकला नाही. फिनलंडने मात्र ओंकालोला ४०० मीटरपेक्षा खोल कठीण खडकात बोगदे केलेत, आणि तिथल्या स्थानिक नगरपालिकेला नकार द्यायचा अधिकार होता, त्यांनी विचार करून होकार दिला, ही गोष्ट मला त्या खडकापेक्षा मोठी वाटते.

कैगाबद्दल काळजी करण्यासारखं बाहेर काही घडल्याची नोंद नाही. २००९ मध्ये आत मात्र पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियमचं, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचं, पाणी मिसळलेलं आढळलं, ५० च्या वर कर्मचाऱ्यांच्या लघवीत ते सापडलं, आणि हे आतल्याच कुणीतरी मुद्दाम केलं असं तेव्हा अधिकाऱ्यांनीच सांगितलं. यंत्र कितीही चांगलं असलं तरी कूलरपाशी माणूसच उभा असतो.

श्टुटगार्टहून: नमस्कार, मी आठ वर्षं इथे आहे. आमच्याजवळची नेकारवेस्टहाइमची भट्टी १५ एप्रिल २०२३ ला बंद केली, देशातल्या शेवटच्या तिघींपैकी एक. आता तरी तिथला धोका संपला ना?

वितळण्याचा धोका खूपच कमी झाला, दर वर्षाने विस्तव मंद होत जातो. पण वापरलेलं इंधन जाड लोखंडी पिंपांत भरून त्याच आवारातल्या बोगद्यांमध्ये ठेवलंय, आणि देशाची कायमची जागा शोधायचं काम अजून कित्येक वर्षं चालणार. भट्टी पाडायलाच दहा-पंधरा वर्षं जातात. तुमच्या नातवंडांनाही त्या बोगद्याचा पत्ता माहीत असावा लागेल.

लांज्याहून: आमची हापूसची तीनशे कलमं आहेत. उद्या काही झालंच तर भरपाई कोण देणार?

२०१० च्या कायद्यात केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी जास्तीत जास्त १५०० कोटी रुपये होती. नव्या कायद्यात सगळ्यात मोठ्या केंद्रांसाठी ती ३००० कोटी केलीय, पण जुन्या कायद्यात यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा माल सदोष निघाला तर तिच्याकडून वसूल करायची जी सोय होती ती काढून टाकली. आता ताडून बघा, फुकुशिमाची भरपाईच १० लाख कोटी येनच्या पुढे गेलीय, रुपयांत कितीही कमी धरलं तरी पाच लाख कोटी. उरलेले पैसे कुठून येणार? तुमच्या-माझ्या टॅक्समधून किंवा कुठूनच नाही. भोपाळच्या लोकांनी किती वर्षं वाट बघितली ते आपण बघितलंय.

आणि आंब्याला किरणोत्सार लागायचीही गरज नाही, नाव लागलं तरी पुरे. फुकुशिमाच्या शेतकऱ्यांनी वरची माती खरवडून काढली, २०१२ पासून पुढे काही वर्षं प्रांतातलं तांदळाचं एक न् एक पोतं मशीनखालून तपासलं, वर्षाला एक कोटीच्या आसपास पोती, आणि २०१५ च्या पिकापासून एकही पोतं मर्यादेबाहेर निघालं नाही. तरी भाव पूर्वीसारखा आला नाही, पन्नासच्या वर देशांनी माल घ्यायला बंदी किंवा अटी घातल्या. रत्नागिरी हापूस या नावावरच तर आपली पेटी खपते. नावाची भरपाई कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही, तेवढं कलम तुमच्या आमदारांना घालायला सांगा.

साखरी नाट्याहून: मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. माझे बाबा नि चुलते होडीवर जातात. केंद्रातून गरम पाणी समुद्रात सोडणार म्हणतात. नुसतं पाणीच तर आहे, मीठ आणि समुद्राचंच, मग त्याने मासळीला काय होणार असं सर म्हणतात. मला उत्तर देता आलं नाही.

बाळा, तुझ्यासाठी शेवट राखून ठेवलाय. तुझ्या गावाने २०११ च्या एप्रिलमध्ये या प्रश्नापायी एक तरुण मुलगा गमावलाय गोळीबारात, त्यामुळे उत्तर नीट देते, आणि तू सायन्सची आहेस तर हिशोबच करू.

भट्टीतल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वीज होतो, बाकी दोन हिस्से फेकून द्यावे लागतात, आणि फेकायची जागा म्हणजे समुद्र. ९९०० मेगावॉट वीज म्हणजे साधारण १७-१८ हजार मेगावॉट उष्णता समुद्रात. प्रकल्पाच्या कागदांत दिवसाला ५२०० कोटी लिटर पाण्याचा आकडा येतो. या पाण्यात एवढी उष्णता टाकली तर ते किती तापेल हे तुझ्या फिजिक्सच्या पुस्तकातल्या सूत्राने काढ, उत्तर ७ अंश येतं, मी करून बघितलंय. आपल्या देशात समुद्राच्या पाण्याचं तापमान ७ अंशांपेक्षा जास्त वाढवू नये असा नियमही आहे. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दिवसाला ५२ लाख टँकर, रोज, साठ वर्षं. "नुसतं पाणी" म्हणणाऱ्या सरांना हा आकडा दाखव.

पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशाला मात्र गरम पाण्यात जास्त ऑक्सिजन लागतो. आपल्या उष्ण समुद्रातले जीव आधीच सहन होईल त्या तापमानाच्या वरच्या टोकाजवळ जगतात, थंड देशातल्यासारखी त्यांना वर सरकायला जागा नसते. मोठा बांगडा, सुरमई पोहून लांब निघून जाईल, मरणार नाही, पण तुझ्या बाबांना तेवढं लांब जावं लागेल, डिझेल जास्त. पळून जाऊ न शकणारे म्हणजे खडपावरची कालवं, मुळे, खाडीतल्या तिसऱ्या असे शिंपल्यातले जीव. आणि त्याहून मोठं नुकसान आत घेतलेल्या पाण्याचं, त्याच्याबरोबर मासळीची अंडी आणि डोळ्याला न दिसणारी पिल्लं पाइपात ओढली जातात, पाइपात शिंपले चिकटू नयेत म्हणून क्लोरीन घालतात, त्यातून जिवंत बाहेर पडणारी थोडीच. गरम पाणी किती लांब पसरणार यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, पाणी खोल आणि किनाऱ्यापासून दूर सोडलं तर त्रास कमी होतो हेही खरं. समुद्रही उलट उत्तर देतो कधीकधी, ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या ग्राव्हलीन केंद्रात जेलीफिशचे थवे पाण्याच्या वाटेत अडकले आणि चार भट्ट्या बंद पडल्या. शिवाय केंद्रासमोरचा समुद्र सुरक्षेसाठी बंद होतो, होडीला तिथे जाता येत नाही, त्याला तर शास्त्र शिकायचीही गरज नाही.

आता तुला करता येण्यासारखं. उद्या केंद्र आलं आणि मासळी कमी झाली तर पहिला प्रश्न येईल की आधी किती होती, आणि गावाकडे कागद नसेल. म्हणून वही आत्ताच घाल. कॉलेजच्या लॅबमधून एक साधा थर्मामीटर माग. बाबा जाळं टाकतात त्या ठिकाणी पाण्याचं तापमान, वर आणि दोरीला बाटली बांधून तीन वाव (वाव म्हणजे साधारण सहा फूट) खाली, तारीख, वेळ, भरती की सुकती, कुठली मासळी किती टोपल्या, जाळं किती वाव पाण्यात. आई किंवा आजी खडपावर कालवं काढायला जाते त्या दिवसाची वेगळी नोंद, तासाभरात किती निघाली. बंदरावरच्या अजून चार होड्यांना सामील करून घे, एकाच माणसाची वही कुणी मानत नाही. महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो काढून ग्रामपंचायतीत एक प्रत पोच घेऊन दे, म्हणजे तारखेचा पुरावा राहील.

पहिलं पान भरलं की मला पाठव, आकडे कसे मांडायचे ते आपण मिळून बघू.